वाचक विचारतात : सोनवेळला आरमार कसलं पाहिजे?

या महिन्यातले सगळे प्रश्न एकाच देशाबद्दलचे आहेत आणि तो देश नकाशावर कुठंच नाही. खानापूरच्या एका कॉलेजच्या मुलीनं दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतलीय, त्यातला हा देश, नाव सोनवेळ. मागच्या अंकात तिच्या पत्रातला थोडा भाग छापला आणि त्यावर निपाणी, संकेश्वर, येळ्ळूर असं सगळीकडून प्रश्न येत राहिले. मी स्वतः १५ वर्षं नेव्हीत इंजिनरूमला होतो, आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करतो, म्हणून संपादकांनी हे सदर या वेळी माझ्याकडं दिलंय.

प्रश्न (खानापूर): माझ्या कथेतल्या सोनवेळला १८० किलोमीटर किनारा आहे, ९ लाख लोक, एक जुनं बंदर, उत्तरेला एक मोठा शेजारी देश. आरमारात ४० वर्षांच्या दोन बोटी, त्यातली एक कायम दुरुस्तीला. परक्या देशाचे ट्रॉलर रात्री येऊन मासळी नेतात. आता देशाकडं थोडा पैसा आलाय. मंत्री म्हणतोय एक फ्रिगेट, म्हणजे मोठी युद्धनौका, आणि एक पाणबुडी घेऊ, आणि एक तरुण अधिकारी बाई म्हणतेय हे नको. दोघांत कोणाचं बरोबर? आणि १० वर्षांत खरोखर काय करता येईल?

उत्तर: पहिल्यांदा हे सांगतो की तुझं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. बेळगावकडचं पोरगं भरती व्हायचं म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री, नाहीतर सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल आहे ते, समुद्र आपल्याला चोर्ला घाट उतरून गोव्याला गेल्यावरच दिसतो, त्यात आपल्या भागातली मुलगी आरमारावर कथा लिहितेय ही मोठी गोष्ट आहे.

तुझी अधिकारी बाई बरोबर आहे. पण ती बरोबर का, ते कथेत नुसतं "परवडत नाही" म्हणून सोडू नको, तिला हिशोब करू दे.

आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा करार १९८२ चा, त्याप्रमाणं किनाऱ्यापासून १२ सागरी मैल ही देशाची हद्द आणि २०० सागरी मैलांपर्यंत मासळी, तेल, तळातली खनिजं यावर त्याच देशाचा हक्क. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे २०० मैल झाले ३७० किलोमीटर. आता किनारा सरळ धरला तरी १८० गुणिले ३७०, साधारण ६६,६०० चौरस किलोमीटर झालं. आपला बेळगाव जिल्हा, कर्नाटकातल्या मोठ्या जिल्ह्यांपैकी एक, तो १३,४०० च्या आसपास आहे. म्हणजे सोनवेळला पाच बेळगाव जिल्ह्यांएवढं पाणी सांभाळायचंय, तेही तिथं रस्ता नाही, टोलनाका नाही, पोलीस पाटील नाही अशा जागी. गस्तीची बोट आरामात १५ नॉटनं जाते असं धर, म्हणजे तासाला २८ किलोमीटर. बंदरातून निघून त्या २०० मैलांच्या टोकाला पोचायला १३ तासांच्या वर लागतात. ट्रॉलरवाला तेवढ्यात जाळं ओढून, मासळी बर्फात घालून, स्वतःच्या देशात जाऊन जेवायला बसतो.

आणि अजून एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. तीन बोटी असल्या म्हणजे समुद्रात तीन बोटी असतात असं नाही. एक बाहेर, एक तयारीत किंवा ट्रेनिंगला, एक दुरुस्तीला किंवा ड्रायडॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून कोरड्या केलेल्या गोदीत, जगातल्या सगळ्या नेव्ही साधारण याच हिशोबानं चालतात. मग मंत्र्यानं एकच फ्रिगेट घेतली तर वर्षातले कितीतरी महिने सोनवेळकडं समुद्रात काहीच नसणार, फक्त बंदरात उभं असलेलं एक सुंदर जहाज, ज्याच्यासमोर पाहुणे फोटो काढतील. थायलंडचं उदाहरण बघ. त्यांनी १९९७ मध्ये चक्री नारुएबेत नावाचं छोटं विमानवाहू जहाज घेतलं, त्यावरची हॅरियर विमानं २००६ ला निवृत्त झाली, आणि विमानवाहू जहाज हेलिकॉप्टर घेऊन बराचसा काळ बंदरातच राहिलं. थायलंड तर सोनवेळपेक्षा कितीतरी मोठा देश आहे.

म्हणून पहिल्या दोन वर्षांत बोट घ्यायचीच नाही, पहिल्यांदा डोळे घ्यायचे. किनाऱ्यावर रडार. समजा ५० मीटर उंच टॉवरवर रडार बसवला आणि समोरची मासेमारी बोट पाण्यावर ४ मीटर उंच आहे, तर पृथ्वीच्या गोलाईमुळं ती साधारण ३७ किलोमीटरवर दिसायला लागते, त्याच्या पलीकडं कितीही भारी रडार आणला तरी लहान बोट क्षितिजाच्या खाली. सोनवेळच्या १८० किलोमीटरला असे चार टॉवर पुरतात, मध्ये डोंगराचा सुळका आड आला तर पाचवा. तुझ्या देशाच्या नकाशात दीपगृह असेलच, तिथंच एक बसव, जागा आणि उंची दोन्ही फुकट. भारतानं सेशेल्स, मॉरिशस, श्रीलंका, मालदीव या शेजाऱ्यांना किनाऱ्यावरचे रडार असेच बसवून दिलेत, तेव्हा हे काही स्वप्नातलं नाही. रडारच्या पलीकडं बघायला एक लहान विमान लागतं, डॉर्नियरसारखं, दोन पंख्यांचं.

मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते आपलं नाव, वेग, दिशा सतत सांगत राहतं. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० टनांच्या वरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे, पण मासळी चोरणारा ट्रॉलर ते बंद करून येतो. मग तो कोणाला दिसतो? सोनवेळच्याच मच्छीमाराला. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईत दहा अतिरेकी आले ते कुबेर नावाच्या आपल्याच मासेमारी ट्रॉलरमधून, तो त्यांनी समुद्रात पळवला होता, आणि त्यानंतरच आपल्याकडं किनाऱ्यावरचे रडार, मच्छीमारांना ओळखपत्रं, बोटींची नोंदणी, रंग ठरवून देणं हे सगळं जोरात सुरू झालं. तुझ्या अधिकारी बाईनं पहिलं काम काय करावं तर कोळीवाड्यात जाऊन बसावं, प्रत्येक बोटीला एक व्हीएचएफ रेडिओ सेट द्यावा आणि सांगावं की परका ट्रॉलर दिसला की चॅनल १६ वर बोला, आणि कोणी बोललं की बोट खरंच गेली पाहिजे. दोनदा बोलावून कोणी आलं नाही की तिसऱ्यांदा तो माणूस सेट चालूच करणार नाही.

मग बोटी. दोन मोठ्या गस्ती नौका, ज्यांना ओपीव्ही म्हणतात, हेलिकॉप्टर उतरवायला मागं जागा असलेल्या, आणि किनाऱ्याजवळ पळणाऱ्या सहा-आठ लहान वेगवान बोटी. मॉरिशसची बॅराकुडा बघ, कोलकात्याच्या गार्डन रीच शिपयार्डात बांधली, २०१४ च्या शेवटी दिली, साधारण ७४ मीटर लांब, १,३०० टन, आणि भारतानं दुसऱ्या देशासाठी बांधून निर्यात केलेली पहिली युद्धनौका तीच. श्रीलंकेची सयुरला आणि सिंदुराला या दोन तर आपल्या शेजारी वास्कोला, गोवा शिपयार्डात तयार झाल्या. लोंढा, कॅसलरॉक करत वास्कोला जाणारी गाडी पकड, कथेसाठी एकदा बंदर लांबून तरी बघून ये. जुनं जहाज घेण्यातही काही कमीपणा नाही. आपली आयएनएस शरयू २००० मध्ये श्रीलंकेला गेली, तिथं तिचं नाव सयुरा झालं, आणि २००७ मध्ये एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची शस्त्रं भरलेली जहाजं भर समुद्रात, श्रीलंकेपासून शेकडो मैल लांब जाऊन बुडवली त्या मोहिमांत ती होती. मुळात ती गस्तीचीच नौका.

पाणबुडीबद्दल थोडक्यात सांगतो. ती भयंकर शस्त्र आहे, ९ डिसेंबर १९७१ ला आपली खुकरी ही युद्धनौका दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीनंच बुडवली, १९४ माणसं गेली, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर गेले. पण पाणबुडी ट्रॉलर पकडत नाही, बुडणाऱ्याला वाचवत नाही, आणि तिची देखभाल चुकली तर आतल्या कोणालाही दुसरी संधी मिळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांगाला ही पाणबुडी बालीच्या उत्तरेला बुडाली, ५३ जण गेले. ज्या देशाची दोनपैकी एक बोट कायम दुरुस्तीला आहे त्यानं पाणबुडी घेऊ नये, हे तुझ्या बाईच्या तोंडी अगदी याच शब्दांत घाल.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट, दुरुस्ती. मी एका लहान गस्ती बोटीवर होतो तेव्हाची. पहाटे निघालो, दीड तासानं पोर्ट, म्हणजे डावीकडच्या, इंजिनाचं टेम्परेचर चढायला लागलं, अलार्म वाजला, इंजिन बंद केलं. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप असतो, तो उघडला तर आतला रबरी इंपेलर, तळहातावर मावेल एवढा, त्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या. नुसता इंपेलर बदलून भागत नाही, तुटलेले तुकडे पाण्याबरोबर पुढं जाऊन कूलरच्या नळ्यांत अडकतात, ते एक एक चिमट्यानं काढावे लागतात, ते आम्ही तिथंच डुलणाऱ्या बोटीत, टॉर्च दातात धरून काढले. स्पेअर इंपेलर स्टोअरच्या यादीत होता, कप्प्यात नव्हता. एका इंजिनावर परत आलो आणि ती बोट २३ दिवस जेट्टीला बांधून राहिली, कारण तो तुकडा बाहेरच्या देशातून यायचा होता. बोटीची तोफ चांगली होती, रडार चालू होता, माणसं तयार होती. २३ दिवस.

तेव्हापासून मला कोणी नव्या बोटीबद्दल सांगितलं की मी पहिलं विचारतो, इंपेलर कुठं मिळतो? तुझ्या देशाला बंदराच्या मागं एक उद्यमबाग पाहिजे. दहा लेथ, दोन मिलिंग, एक चांगला वेल्डर, एक फाउंड्री, पंपाची शाफ्ट स्टेनलेसमध्ये टर्न करून देणारा एखादा म्हातारा मिस्त्री ज्याला ड्रॉइंग न बघता मायक्रॉनचा अंदाज येतो. आपल्या बेळगावात असे शंभर मिस्त्री आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी समुद्र बघितला असेल तो सुट्टीत. सोनवेळनं सगळ्या बोटींना एकाच जातीचं इंजिन घ्यावं, मग एका बोटीचा भाग दुसरीला चालतो. बोट २५-३० वर्षं चालते, तेवढ्या काळात तेल, पगार, सुटे भाग आणि ड्रायडॉक मिळून खरेदीच्या किमतीपेक्षा जास्तच जातं, त्यामुळं करारातच सुटे भाग आणि ट्रेनिंग लिहून घ्यायचं, नंतर मागायला गेलं तर विकणारा मनाला येईल तो भाव सांगतो.

प्रश्न (निपाणी): सहलीला मुलांना घेऊन कारवारला गेलो होतो, तिथं बीचवर चपळ नावाची बोट ठेवलीय. हिनंच कराची जाळली असं एकानं सांगितलं. खरं का? आणि सोनवेळनं अशा बोटी घेतल्या तर?

उत्तर: चपळ नीट बघून आलात हे फार चांगलं केलं, पण कराचीला ती नव्हती. ती नौदलात आली १९७६ मध्ये. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर, चपळच्या आधीच्या पिढीतल्या. सोबत किल्तान आणि कच्छल या दोन मोठ्या नौका आणि इंधनासाठी पोषक नावाचा टँकर, कारण या बोटी मुळात बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या, लांब जायला नाहीत. रात्रच निवडली कारण पाकिस्तानी विमानांना रात्री समुद्रात काही करता येत नव्हतं. खैबर ही विनाशिका बुडाली, तिथूनच ४ डिसेंबर हा नौदल दिन. बोटीत सुधारणा फार नव्हती, वापरायची पद्धत नवी होती, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

पुढच्या वेळी गेलात तर डेकवर क्षेपणास्त्रांचे चार मोठे डबे आहेत ते बघाच, पण खाली वाकून जागा किती कमी आहे तेही मुलांना दाखवा. या जातीच्या बोटीत तीन डिझेल इंजिनं, एकेका इंजिनाला ५६ सिलेंडर, ताऱ्यासारखे गोल मांडलेले. वेग मिळतो, पण ५६ सिलेंडरचं इंजिन सांभाळणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत.

अशा बोटींनी जग हललं ते १९६७ मध्ये. २१ ऑक्टोबरला इजिप्तच्या छोट्या कोमार बोटींनी पोर्ट सैदच्या बंदरातूनच क्षेपणास्त्रं सोडून इस्रायलची एलात ही विनाशिका बुडवली, ४७ जण मेले. त्यानंतर प्रत्येक छोट्या देशाला वाटलं की आपल्यालाही दोन-चार अशा बोटी मिळाल्या की झालं. पण १९७३ मध्ये लताकियाला सीरियाच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला जास्त असूनही इस्रायली बोटींनी जॅमिंग करून, म्हणजे रडारचा गोंधळ उडवून, आणि धातूच्या पट्ट्यांचे ढग उडवून ती चुकवली, आणि १९९१ ला इराकच्या क्षेपणास्त्र बोटी ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टरांनी एकामागून एक उडवल्या. विमानाचं संरक्षण नसलेली छोटी बोट उघड्यावर पडते. सोनवेळकडं लढाऊ विमानं नाहीत, म्हणून त्यांनी या बोटींत पैसा घालू नये असं माझं मत आहे.

प्रश्न (संकेश्वर): मग उत्तरेच्या मोठ्या शेजाऱ्यानं खरंच हल्ला केला तर सोनवेळनं काय करायचं, गस्तीच्या बोटीवरून हात हलवायचा का? आता तर ड्रोनचा जमाना आहे.

उत्तर: नाही, त्याचीही सोय पाहिजे, आणि ती जमिनीवर करायची. क्षेपणास्त्रं ट्रकवर. ट्रक काजूच्या बागेत लपतो, रात्री जागा बदलतो, बुडत नाही, आणि त्याला ड्रायडॉक लागत नाही. जुलै २००६ मध्ये लेबनॉनच्या किनाऱ्यावरून सुटलेलं क्षेपणास्त्र इस्रायलच्या हनित या युद्धनौकेला लागलं. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेननं जमिनीवरून सोडलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियाचं मोस्क्वा बुडालं, ११-१२ हजार टनांचं, ब्लॅक सी ताफ्याचं मुख्य जहाज, आणि त्या वेळी युक्रेनकडं म्हणण्यासारखं आरमार उरलंच नव्हतं. फिलिपिन्सनं हेच ओळखून जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडून ब्रह्मोसच्या किनारी तुकड्यांचा करार केला, साधारण ३७.५ कोटी डॉलरचा, एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप गेली. निर्यातीच्या ब्रह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर. पण वर रडारचं गणित सांगितलं ते आठवा, किनाऱ्यावरच्या टॉवरला मोठं उंच जहाजसुद्धा फार तर ५०-६० किलोमीटरवर दिसणार, मग २९० किलोमीटरवरचं लक्ष्य दाखवणार कोण? तिथं ते दोन पंख्यांचं विमान किंवा ड्रोन लागतो. शस्त्र आणि डोळा दोन्ही एकाच वर्षीच्या बजेटमध्ये पाहिजेत, नाहीतर ट्रक नुसते संचलनाला उभे राहतात.

ड्रोनबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, युक्रेननं स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या बोटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सेव्हास्तोपोलच्या बंदरात घुसवल्या आणि नंतर त्यांनी रशियन ताफ्याला बरंच मागं सरायला लावलं. सोनवेळनं हे शिकावंच, फायबरची होडी बांधणारे हात त्यांच्याकडं आहेतच. श्रीलंकेनं तसंच केलं होतं, एलटीटीईच्या सी टायगर्स या सागरी दलाच्या झुंडीला उत्तर म्हणून स्वतःच्या देशात छोट्या ॲरो बोटी बांधल्या आणि झुंडीनंच उतरवल्या. पण मला सांगा, परक्या ट्रॉलरवर चढून, त्याच्या तांडेलाशी बोलून, बर्फाची पेटी उघडून, जाळ्याचं भोक मोजून, कागद करून त्याला बंदरात आणायचं काम ड्रोन करेल का? पावसाळ्यात उलटलेल्या होडीतली चार माणसं वर ओढायला माणसाचा हात लागतो. लढाई होते पन्नास वर्षांत एकदा, हे काम रोजचं आहे.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी): मी बँकेतून रिटायर झालोय. एवढं सगळं घ्यायला ९ लाखांचा देश पैसा आणणार कुठून? कर्ज काढून आरमार करावं का?

उत्तर: हा प्रश्न कथेतल्या मुलीनं जरूर घ्यावा, कारण खरी गोष्ट मोझांबिकमध्ये घडलीय आणि ती वाचून माझी झोप गेली होती. २०१३-१४ मध्ये तिथं तीन सरकारी कंपन्यांच्या नावावर साधारण २ अब्ज डॉलरचं कर्ज काढलं, कशासाठी तर किनाऱ्याची सुरक्षा, टूना मासेमारीचा ताफा आणि बोटी दुरुस्त करायचं यार्ड. ऐकायला किती छान, मी वर सांगितलेलं तंतोतंत तेच. पण बराचसा भाग संसदेपासून लपवलेला, लाच दिलेली, बोटी मापुतोच्या धक्क्याला गंजत उभ्या. २०१६ मध्ये लपवलेलं कर्ज बाहेर आलं, नाणेनिधीनं मदत थांबवली, चलन घसरलं, महागाई वाढली आणि ते सोसलं ज्यांनी ती बोट कधी बघितलीही नाही त्यांनी. माजी अर्थमंत्र्याला २०२४ मध्ये अमेरिकेच्या कोर्टानं दोषी ठरवलं.

म्हणजे बोट योग्य असून भागत नाही, कागद उघडा पाहिजे. साहेब, तुम्ही बँकेतले आहात तर तुम्हाला हे आवडेल, आपल्या मराठीतच याचं उत्तर ३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. गगनबावड्याचे रामचंद्रपंत अमात्य, आपल्यापासून किती लांब, त्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. गुराबा, म्हणजे त्या काळच्या लढाऊ नौका, फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात असं त्यात आहे, आणि पुढं पैशाबद्दल जे म्हटलंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आरमाराचा खर्च मुलखातल्या ठरलेल्या उत्पन्नातून द्यावा, आरमारानं स्वतः मिळवावं आणि त्यावर चालावं असं करू नये, कारण मग ते व्यापाऱ्यालाच त्रास देणार आणि बंदरं ओस पडणार. सोनवेळमध्ये याचा अर्थ असा की गस्तीवरच्या माणसाचा पगार दंडाच्या वसुलीवर अवलंबून ठेवायचा नाही. दंड खजिन्यात, पगार खजिन्यातून, महिन्याच्या एक तारखेला. परक्या ट्रॉलरना मासेमारीचं लायसन्स विकून बरेच छोटे देश पैसा उभा करतात, सोनवेळनंही करावा, पण ती रक्कम वर्षाला जाहीर करावी. पुढं १७५६ मध्ये काय झालं तेही आठवतं, पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळू दिलं. तेवढं आरमार पुन्हा मराठ्यांना उभं करता आलं नाही. जहाजं एका दिवसात जळाली, पण ती बांधणारे सुतार, चालवणारे तांडेल तयार व्हायला पिढ्या गेल्या होत्या.

प्रश्न (येळ्ळूर): सोनवेळमध्ये किनाऱ्यावर एक भाषा आणि आतल्या डोंगराळ भागात दुसरी असं पत्रात होतं. आपल्या सीमाभागासारखंच की. मग बोटीवर हुकूम कुठल्या भाषेत द्यायचे?

उत्तर: सगळ्या पत्रांत मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला, कारण हा फक्त आपल्याकडच्या माणसालाच सुचणार.

हुकूमाची भाषा एकच पाहिजे, त्यात दोन मतं नाहीत. आग लागली की भाषांतराला वेळ नसतो. म्हणून तर जहाजा-जहाजात रेडिओवर बोलायला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यं पक्की केली, मेडे हा संकटाचा शब्द तीनदा म्हटला की फिलिपिनो असो की ग्रीक, सगळे कान टवकारतात. बोटीबाहेर बोलायला ती वाक्यं सोनवेळच्या प्रत्येक खलाशाला पाठ पाहिजेत. बोटीच्या आत मात्र किनाऱ्याची भाषा ठेवावी असं मी म्हणेन, कारण वारा, लाट, दोर, गाठ, भरती-ओहोटी यांचे शब्द तिच्यात आधीच तयार आहेत, डोंगरातल्या पोरानं ते शिकावेत, आणि त्याला शिकवायला सहा महिने द्यावेत, हसू नये.

मी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत ट्रेनिंगला गेलो तेव्हा मला धड हिंदी येत नव्हती. घरात मराठी, शाळेच्या मैदानात कन्नड, हिंदी सिनेमापुरती. वर्गात इन्स्ट्रक्टर वाल्व्ह बंद करायला सांगायचे आणि मी बाजूच्याकडं बघून मग हात घालायचो, म्हणजे कायम दोन सेकंद उशीर. केरळचा एक मुलगा माझ्यासारखाच होता. आम्ही दोघांनी मिळून एका वहीत वाल्व्ह, पंप, पाइपची चित्रं काढली आणि प्रत्येकापुढं तीन भाषांत शब्द लिहिले, मराठी, मल्याळम, हिंदी, इंग्रजी नाव वर मोठ्यानं. ती वही पुढच्या बॅचनं मागून घेतली.

म्हणून सोनवेळच्या इंजिनरूममध्ये हुकूम एका भाषेत असू दे, पण पाट्या दोन्ही भाषांत पाहिजेत. विशेषतः इंधन तोडायचा वाल्व्ह आणि आग विझवायला गॅस सोडायचा हँडल. गॅस सोडायच्या आधी आतली सगळी माणसं बाहेर काढून मोजावी लागतात, कारण तो आगीबरोबर माणसालाही गुदमरवतो, आणि धुरात घाबरलेला माणूस फक्त आईची भाषा वाचतो. ती पाटी हँडलच्या वर न लावता गुडघ्याच्या उंचीला लावायची, धूर वरून भरत येतो, माणूस रांगत बाहेर पडतो, तेव्हा ती त्याच्या डोळ्यांसमोर येते.